लेकरांना घेऊन जुन्या नाण्यांच्या दुकानात जायचंय? मुरगूड-कोल्हापूरच्या वाटेवर काय बघायचं, काय विचारायचं, काय घ्यायचं नाही

"तुमच्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे का? मग तुम्ही लखपती आहात."

हा व्हिडिओ तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलाच असणार. तो बघून घरातलं एखादं पोरगं आजीची ट्रंक उघडतं. तळाशी रुमालाच्या गाठीत चार-दोन नाणी सापडतात. एक भोकाचा पैसा, एक राणी छाप, एक लहरी कडेचं दहा पैशाचं. मग प्रश्न सुरू होतात. "हे कितीला जाईल?"

व्हिडिओतल्या दाव्याचा निकाल आधी लावून टाकू. ते नाणं २०१२ साली श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून निघालं. नाणं खरं आहे, चलनात आहे आणि त्याची किंमत ५ रुपये आहे. लाखो रुपये देणारा कुणी दुकानात बसलेला नाही. उलट असं गिऱ्हाईक असल्याचं सांगून आधी 'रजिस्ट्रेशन फी', मग 'कमिशन', मग 'टॅक्स' मागणारे मात्र भरपूर आहेत. यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जायला लागलं, म्हणून बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रकच काढलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात आपण पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

पण त्या पोराचा दुसरा एक प्रश्न असतो, तो आपण ऐकतच नाही. "याला भोक का आहे?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याला घेऊन एखाद्या दुकानात जाणं हा प्रवासातला एक तास सत्कारणी लावायचा चांगला मार्ग आहे. खर्च वडापावइतका. फक्त कुठे जायचं आणि काय विचारायचं हे आधी माहीत हवं.

मुरगुडातून सुरुवात का?

मुरगूड हे कागल तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. निपाणीहून राधानगरीकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला येणाऱ्या कितीतरी गाड्या मुरगुडातूनच पुढे जातात, मग बहुतेक जण कोल्हापूरला अंबाबाईला जातात आणि सुट्टी असेल तर घाट उतरून कोकण-गोवा. म्हणजे देवदर्शनाचा जो नेहमीचा मार्ग, त्याच मार्गावर नाणी बघायची ठिकाणंही आहेत.

मात्र अशा गावात 'जुनी नाणी' अशी पाटी शोधत बसू नका. मोठ्या शहरात नाण्यांचे वेगळे विक्रेते असतात. तालुक्याच्या गावात जुनं नाणं दोनच ठिकाणी येतं, सराफाकडे आणि भांडीवाल्याकडे. चांदीचं असेल तर लोक सराफाकडे मोडीत घालतात. तांब्या-पितळेचं असेल तर जुन्या भांड्यांबरोबर ते वजनावर जातं. दोन्हीकडे नाण्याचा शेवट एकच, मुशीत.

दुःखाची गोष्ट इथेच आहे. वितळल्यावर चांदी शिल्लक राहते, तांबं शिल्लक राहतं, पण ते नाणं कुणी, कधी, कुठे पाडलं ही माहिती कायमची जाते. म्हणून गावच्या ओळखीच्या सराफाला "जुनं काही आलंय का मोडीत?" एवढं विचारून ठेवा. लग्नसराई, धनतेरस, पाडवा, दसरा टाळा. त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते, तिथे पोराच्या प्रश्नांना कोण उत्तरं देणार? दुपारची निवांत वेळ बघून जा. बहुतेक सराफांच्या गल्ल्यात किंवा तिजोरीत एखादी डबी असते आणि पोरगं खरोखर बघायला आलंय हे कळलं की ती डबी बाहेर येते.

काट्यावरचं गणित

सराफाकडे काटा असतो, त्याचा फायदा घ्या. राणी छाप किंवा राजा छाप चांदीचा रुपया काट्यावर ठेवायला सांगा. न झिजलेला असेल तर वजन ११.६६ ग्रॅम भरतं. हा जुना तोळा. इंग्रजी अमदानीत एका रुपयाचं वजन म्हणजेच एक तोळा होता. आता सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो १० ग्रॅम धरतो. आजी सांगते ते 'तोळे' आणि आजच्या पावतीवरचे तोळे जुळत नाहीत, त्याचं कारण हे.

पुढचं गणित सातवी-आठवीतल्या मुलाला जमेल. त्या रुपयात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा भाव विचारा, गुणाकार करा. ही त्या नाण्याची कमीत कमी किंमत. विकताना याच्या खाली जायचं नाही आणि घेताना कुणी याच्या दसपट सांगत असेल तर "का?" म्हणून विचारायचं.

एक खाच आहे. हे गणित १९४०च्या आधीच्या रुपयाला लागू. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० ते १९४५ या वर्षांच्या रुपयात चांदी निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर आली. १९४७च्या रुपयात तर चांदी नाहीच, तो निकेलचा. मागच्या बाजूला वाघ आहे आणि चुंबक लावला की चटकन चिकटतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही. खिशात फ्रीजवरचा एक चुंबक ठेवा, पोरं दिवसभर दुसरं काही मागणार नाहीत.

राजे ओळखायचा खेळही सोपा आहे. मुकुट घातलेली बाई म्हणजे व्हिक्टोरिया. १८६२पासूनच्या नाण्यांवर तिच्या नावापुढे 'क्वीन' आहे, १८७७पासून 'एम्प्रेस'. डोक्यावर मुकुटच नाही असा दाढीवाला चांदीच्या नाण्यावर दिसला तर तो सातवा एडवर्ड. मुकुट, दाढी आणि अंगावर नक्षीदार झूल असेल तर पाचवा जॉर्ज. दाढी नसलेला मुकुटवाला तो सहावा जॉर्ज.

पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया दिसला तर भिंग मागा. राजाच्या अंगावर जी माळ आहे तिच्यात एक हत्ती कोरलेला आहे. पण त्याची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर! केवढा गहजब झाला. नाणं मागे घ्यावं लागलं आणि १९१२पासून हत्तीला नीट सोंड आली. 'डुकराचा रुपया' म्हणून संग्राहक आजही त्याच्या मागे असतात.

कोल्हापूर: आधी टाऊन हॉल, मग गुजरी

हा क्रम उलटा करू नका. आधी संग्रहालय, नंतर दुकान. खरं काय असतं हे डोळ्यांनी एकदा बघितलं की दुकानात कुणी काहीही गळ्यात मारू शकत नाही.

टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाने उभी केली. तिथल्या वस्तुसंग्रहालयाचा पाया म्हणजे ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठावरची ही टेकडी प्रा. कुंदनगार यांनी खणायला घेतली आणि पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. खाली सापडलं सातवाहनांच्या काळातलं नांदतं शहर. आणि रोमशी व्यापार चालायचा याचा पुरावा म्हणून पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्याची छोटी मूर्ती. ती बघायला चुकू नका. समुद्रापासून एवढ्या आत, घाटमाथ्यावर, ग्रीक-रोमन समुद्रदेव काय करत होता, हा प्रश्न लेकरांना विचारून बघा. उत्तरं भन्नाट येतात.

कोल्हापूरच्या नाण्यांत सगळ्यात वेगळी आहेत ती शिशाची. त्यांवर एका बाजूला ताणलेलं धनुष्य आणि बाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. भोवती ब्राह्मी अक्षरांत विळिवायकुर, सिवलकुर, गोतमिपुत अशी नावं. अभ्यासक यांना 'कुर' राजे म्हणतात. यांच्याबद्दल कुठल्या बखरीत, पोथीत कथा नाही. हे राजे होऊन गेले हे आपल्याला कळलं ते या नाण्यांमुळे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत कोल्हापुरात राज्य केलेल्या माणसांची नावं शिशाच्या चकत्यांनी जपली. कुणी त्या 'नुसतं शिसं' म्हणून वितळवल्या असत्या तर हे राजे पुसलेच गेले असते.

मग गुजरी. अंबाबाईच्या देवळाजवळची ही सराफांची पेठ. इथे नाणी विकायला कमी आणि गळ्यात घालायला जास्त दिसतील. पुतळीमाळ मागा. तिच्यातली प्रत्येक पुतळी म्हणजे मुळात एक नाणं, आणि तेही इटलीतल्या व्हेनिस शहराचं. व्हेनिसचं सोन्याचं डुकॅट व्यापारातून आपल्याकडे आलं. त्यावर एक संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख अशा आकृत्या होत्या. आपल्या लोकांनी त्यांना 'पुतळ्या' म्हटलं, नाणं ओवलं आणि गळ्यात घातलं. पुढे आपल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवायला घेतल्या आणि संताच्या जागी आपले देव आले. आईच्या, आजीच्या गळ्यातला दागिना परदेशी नाण्यापासून सुरू झाला हे कळल्यावर पोरं तो दागिना हातात घेऊन उलटसुलट करतातच.

सराफाकडे लक्ष्मीचं किंवा अंबाबाईचं चांदीचं 'नाणं' मिळतं. ते पूजेला घ्या, भेट द्या, पण लेकराला सांगा की ते नाणं नाही. नाण्यावर राज्याचा ठसा असतो आणि त्याच्या किमतीची हमी राज्य देतं. बाकी सगळी पदकं.

शिवराई मिळाली तर

या भागात दुकानदार सगळ्यात आधी जे दाखवेल ते म्हणजे शिवराई. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी आली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पोरगं विचारेल, अक्षरं अर्धीच का? कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. तुकडा ठशावर ठेवून वरून हातोड्याचा घाव घालायचा, जेवढं उमटेल तेवढं उमटेल. एकसारखी दोन नाणी सापडणं अवघड. देवनागरी वाचता येणाऱ्या दुसरीतल्या मुलालाही यातलं 'श्री' शोधता येतं, आणि ते सापडल्यावरचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण एक लक्षात ठेवा. शिवराई महाराजांनंतरही बंद झाली नाही. पेशवाईत ती चालूच राहिली, वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात होती. त्यामुळे बाजारात मिळणारी बहुतेक शिवराई ही नंतरच्या काळातली. तीही इतिहासच आहे, स्वस्तही मिळते आणि पहिलं जुनं नाणं म्हणून आमच्या मते तीच घ्यावी. मात्र "खास महाराजांच्या काळातली, रायगडची" असं सांगून कुणी भाव चढवत असेल तर हात जोडून पुढे चला. आणि सोन्याचा होन कुणी रस्त्यावर दाखवला तर विचारही करू नका. अस्सल होन इतके थोडे आहेत की ते असे खिशातून निघत नाहीत.

खोट्याचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे 'ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं'. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव आणि १८१८ किंवा तसलंच एखादं साल. देवळांच्या बाहेरच्या टपऱ्यांवर ही हमखास दिसतात, आणि यांच्यात 'तांदूळ ओढून घेण्याची शक्ती' असते असं सांगून लोकांना मोठमोठ्या रकमांना बुडवलं गेलंय. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. घरातल्या देव्हाऱ्यात असं एखादं असेल तर राहू द्या, फेकायचं कारण नाही. फक्त विकायला नेऊ नका आणि विकत घेऊ नका.

तसंच सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया. तो खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत. दुसऱ्या वर्षाच्या रुपयाचा आकडा कोरून ३९ करणारे कलाकार आहेत. प्रवासात, ओळख नसलेल्या दुकानात हे नाणं घ्यायचं नाही.

मग त्या भोकाचं काय?

तो पैसा १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात तांबं महाग झालं, म्हणून मधलं तांबं काढून घेतलं. एवढं साधं उत्तर. पण या उत्तरातून लेकराला कळतं की युरोपात युद्ध पेटलं तेव्हा मुरगूडच्या बाजारातल्या पैशाला भोक पडलं.

त्याच डबीत आण्याची नाणी असतील. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. 'पै पै जमवली', 'सोळा आणे खरं', 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' या सगळ्याचा हिशोब इथे आहे. जुन्या लहरी कडेच्या आण्यावर चार लिप्यांत किंमत लिहिलेली असते, त्यात 'एक आना' देवनागरीत. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली, रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. ते जुन्या पैशाहून वेगळे कळावेत म्हणून 'नये' हा शब्द, तो १९६४मध्ये गेला. नंतरची ॲल्युमिनियमची नाणी तर आकारांची शाळाच. एक पैसा चौकोनी, तीन पैसे षटकोनी, दहा पैसे लहरी कडेचे. ही सगळी आजही किरकोळ किमतीत मिळतात आणि संग्रहाला सुरुवात यांच्यापासूनच करावी.

दुकानात जायचीही गरज नाही असा एक खेळ सांगतो. खिशातलं आजचं नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. चौकट म्हणजे हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एसटीच्या प्रवासात कंडक्टरने दिलेल्या सुट्ट्या पैशांवर निपाणी ते मुरगूड हा वेळ आरामात जातो. सुट्ट्यांत कधी अकरा कोनांचं २ रुपयांचं नाणं आलं आणि त्यावर महाराज असतील तर ते १९९९चं, बाजूला ठेवा. त्याच वर्षी संत ज्ञानेश्वरांचं १ रुपयाचं आलं आणि २००७ला लोकमान्य टिळकांचं ५ रुपयांचं.

जाता जाता, १० रुपयांचं नाणं घ्यायला जे नकार देतात त्यांच्यासाठी. १४ वेगवेगळ्या नक्षींची १० रुपयांची नाणी निघाली आहेत आणि ती सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये सांगितलंय. ५० पैसेही अजून कायद्याने चालतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११पासून बंद.

कायदा थोडा माहीत असू द्या

घरात वारशाने आलेली जुनी नाणी ठेवणं हा गुन्हा नाही. पण १०० वर्षांहून जुनं नाणं हे १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतं. त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतला भाचा सुट्टीला आला आणि आजीने प्रेमाने राणी छाप रुपया हातावर ठेवला तर तो विमानतळावर अडचणीत येऊ शकतो. व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांची तर सगळीच नाणी आता शंभरी ओलांडलेली आहेत. भाच्याला भोकाचा पैसा द्या, तो अजून शंभरचा झालेला नाही.

आणि शेतात नांगरताना, पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर? १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही, तर सापडणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश असा वाटाही कायद्यात आहे. सरकारला ते हवं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेता येतं. लोक मात्र भीतीने रातोरात वितळवतात.

दुकानात पोरगं कसं वागेल?

छान वागेल, आधी दोन गोष्टी सांगितल्या तर. विचारल्याशिवाय ट्रेमध्ये हात घालायचा नाही आणि नाणं कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट ठेवायचं नाही. तीन वर्षांखालचं बाळ असेल तर त्याला एकाने बाहेर सांभाळावं, नाणी तोंडात जातात. बजेट आधी ठरवा आणि पैसे पोराच्या हातात द्या. शंभर रुपये पुरतात. निवडू त्याला द्या, तुम्ही मध्ये पडून "हे घे, याची किंमत वाढेल" म्हणू नका. भावावर घासाघीस त्यालाच करू द्या, दुकानदारही मजेत घेतात. बिल मागा आणि त्यावर नाण्याचं साल आणि नाव लिहून घ्या.

घरी आल्यावर चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही त्या नाण्याला लावायचं नाही. तांब्यावरचा काळपट-हिरवट थर हा मळ नसतो, त्याखाली अक्षरं टिकलेली असतात. घासलं की नाणं चकचकीत होतं आणि किंमत निम्म्याहून खाली येते. साध्या पाण्याने माती काढा, टिपून सुकवा आणि कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा. पाकिटावर तारीख, गाव, दुकान, दिलेले पैसे आणि सांगणाऱ्याने जे सांगितलं ते लेकराच्या अक्षरात लिहून घ्या. आजीच्या ट्रंकेतल्या नाण्यांनाही अशीच पाकिटं करा, आणि ती कुणी दिली, कधीची, हे आजी सांगतेय तोवर लिहून घ्या.